वजा केलेला हात

तिला सगळे तारबाई म्हणत. खरं नाव हजेरीच्या यंत्राला तेवढं ठाऊक होतं. संशोधन केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर, पिवळ्या दिव्यांच्या खोलीला लागून एक अरुंद खोली होती. तिथे सूक्ष्मदर्शक, चिमटा आणि सोन्याच्या तारेचं रीळ, एवढ्यांच्या संगतीत तिची एकोणीस वर्षं गेली होती.

तार केसाहून बारीक. नुसत्या डोळ्यांना दिसायची नाही. उजेड तिच्यावरून घसरला तर एक धागा चमके आणि लगेच विझे. चिपच्या कडेला असलेल्या ठिपक्यावर तिचं एक टोक चिकटवायचं, तारेला हलकी कमान द्यायची आणि दुसरं टोक पलीकडे टेकवायचं. काम एवढंच. हे करणारी यंत्रं होती, नाही असं नाही. पण आजवर कुणीच न घडवलेली चिप पुढ्यात आली की यंत्र गोंधळे आणि तारबाईला हाक जाई. श्वास रोखून ती अशी काही तार टेकवी, की बघणाऱ्याचाही श्वास अडकावा.

पलीकडच्या पिवळ्या खोलीत दिवस नव्हता नि रात्रही नव्हती. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या झग्यात, उघडे ते फक्त डोळे. छतातून जमिनीकडे वारा अखंड वाहायचा, धुळीचा कण टिकू नये म्हणून. त्या वाऱ्यात बोललेला शब्दही अर्ध्या वाटेत खाली पडायचा. तिथे सिलिकॉनच्या चकतीत एक इवलीशी पट्टी कोरत. चार बारीक पायांवर ती अधांतरी लोंबे. मनगट हललं की पट्टी किंचित मागे राही, आणि ती किती मागे राहिली यावरून मनगट किती हललं ते कळे. अशी चिप घातलेले हातपट्टे कंपवाताच्या अकरा रुग्णांना दिले होते. दर आठवड्याला त्यांच्या थरथरीचा आकडा डॉक्टरबाईंकडे जाई आणि त्यावरून गोळ्या कमी-जास्त होत. गोळी कमी पडली तर अंग अडकतं, जास्त झाली तर ते नको तसं वळवळतं. दोन्हींच्या मधली वाट तो आकडा दाखवायचा.

आता एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातून आलं. चिप कितीही गप्प ठेवली तरी आतल्या आत कुजबुजते. त्यात जिवंत हात. तो स्वस्थ ठेवला तरी नाडी उडते, श्वास चालतो. ही सगळी गडबड आकड्यातून काढून टाकायची, तर आधी ती मोजायला हवी. म्हणून दर सोमवारी जेवणानंतर तारबाई हातपट्टा घालून खिडकीजवळच्या खुर्चीत बसे. उजवा हात खुर्चीच्या हातावर मोकळा सोडायचा, डोळे मिटायचे, दहा मिनिटं. याला तिथे ‘शून्य घेणं’ म्हणत. तारबाईच्या हातावर जे काही उमटेल ते चिपचं नि नाडीचं, असं धरून ते प्रत्येक पट्ट्यातून, म्हणजे अकराही जणांच्या हातांतून, वजा केलं जाई. अख्ख्या इमारतीत सगळ्यात स्थिर हात कुणाचा, हे तीन वर्षांपूर्वी केंद्राच्या प्रमुख सरांना कुणाला विचारावंही लागलं नव्हतं.

तारबाईला त्याचा अभिमान होता. घरी ती सांगायची, “माझ्या हातावरून जग मोजतात, अक्का.”

“मोजू देत की,” अक्का म्हणायची. “तेवढ्यात तू भांडी घास.”

अक्का तिची मोठी बहीण, आठ वर्षांनी थोरली. आयुष्यभर शिवणकाम केलेली. घरात दोघीच. अक्काचा उजवा हात थरथरू लागला, तेव्हा तारबाईनेच तिला केंद्राच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. अक्काचा पट्टा सात नंबरचा.

गेलं वर्षभर आकडे उतरत होते. एकट्या अक्काचे नव्हे, अकराही जणांचे. सर खूश होते. आकड्यांचा प्रोग्राम सांभाळणारा तरुण, ज्याला सगळे गणित्या म्हणत, तोही खूश होता. डॉक्टरबाईंनी अक्काची दुपारची गोळी अर्धी केली. येत्या गुरुवारी ती बंदच करायची, असं ठरत आलं होतं.

आणि इकडे अक्का दारात अडकू लागली होती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली की पाय जमिनीला खिळत.

“ये ना गं, चहा निवतोय.”

“येते. पाय ऐकत नाहीत.”

“पट्टा म्हणतो तू निम्मी बरी झालीस.”

“मग चहा त्या पट्ट्यालाच पाज.”

“अक्का, त्यातली एकेक तार मी जोडलीय. तो खोटं नाही बोलायचा.”

“म्हणजे मी बोलते.” अक्काने दाराची चौकट धरली. हात एवढा थरथरत होता की चौकटीवर बोटं वाजत होती. “बरंय. सात नंबर सुधारली म्हणून सांग तुझ्या सरांना. आणि मला आधी इथून सोडव.”

तारबाईने जमिनीवर आडवी फडक्याची घडी टाकली. ती ओलांडायच्या निमित्ताने अक्काचा पाय सुटला.

चार नंबरचा पट्टा ज्यांचा होता ते ड्रायव्हरकाका पंधरा दिवसांमागे वारले. त्यांच्या सुनेने पट्टा परत आणून दिला. गणित्याने तो टेबलावर ठेवला आणि बंद करायचा विसरला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने संगणकाचा पडदा उघडला तर चार नंबरची रेघ थरथरत होती. सेकंदाला साडेचार वेळा, अगदी माणसासारखी.

“तारबाई, इकडे या बरं.” तो आधी हसला. “काका अजून स्टिअरिंग सोडत नाहीत.”

पट्टा टेबलावर आडवा पडला होता, आत मनगट नव्हतं. टेबलही हलत नव्हतं. पडद्यावर मात्र हात होता.

त्यांनी पट्टा जाड स्पंजवर ठेवला. मग दगडी फरशीवर. मग लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. रेघ तशीच. गणित्याने खोक्यातून कोरा पट्टा काढला, कुणाच्याही हाताला न लागलेला, आणि तो संगणकाला जोडला. थोडा वेळ काही दिसेना. मग तोही थरथरू लागला, त्याच चालीने.

“हा तर अजून कुणाचा झालाच नाहीये,” गणित्या हळूच म्हणाला.

“इमारत हलत असेल,” सर म्हणाले. “वारा बंद करा.”

पिवळ्या खोलीतला वारा थांबवला. एकोणीस वर्षांत तारबाईने ती शांतता ऐकली नव्हती. झग्यातली माणसं जागच्या जागी उभी राहिली, नुसते डोळे. आणि त्या शांततेत पडद्यावरचा हात निवांत हलत राहिला, जसं कुणी खुर्चीत बसून वाट बघावी.

“काका कशाने गेले?” तारबाईने विचारलं.

“जिन्यावरून पडले म्हणे,” गणित्या म्हणाला. “आणि बघा ना, शेवटच्या महिन्यात आकडा सगळ्यात छान त्यांचाच होता.”

त्यानंतर आला सोमवार. जेवण झालं, तारबाईने पट्टा चढवला आणि ती खुर्चीत बसली. खोलीत ती एकटीच होती. खिडकीतून दुपारचं ऊन हातावर आलं होतं. डोळे मिटायची वेळ झाली, पण मिटवेनात. पट्ट्याची भीती वाटत होती. पडद्यातला तो हात इथे, शेजारीच कुठेतरी बसलाय, असं वाटत होतं. म्हणून तीन वर्षांत पहिल्यांदा तिने शून्य उघड्या डोळ्यांनी घेतलं.

पहिलं मिनिटभर काही नव्हतं. मग अंगठा हलला.

अंगठा तर्जनीवर मागेपुढे फिरू लागला, जणू दोन बोटांत काहीतरी बारीक वळत होता. सावकाश, एका चालीत. तारबाई बघत राहिली. हात तिचाच होता. मधल्या बोटावरचा भाजल्याचा डाग तिचा, नखं तिची. पण हलवणारी ती नव्हती. परक्याच्या घरात डोकावावं तशी ती त्या हाताकडे बघत होती.

तिने चटकन चिमटा उचलला. हात दगडासारखा स्थिर. तार टेकवताना असतो तसाच, एकोणीस वर्षांचा. चिमटा ठेवला, हात परत खुर्चीवर सोडला आणि मनात आकडे मोजले. अकराला अंगठ्याने पुन्हा सुरुवात केली.

काम करताना तो थांबत होता. मोकळा सोडला की जागा होत होता. आणि मोकळा तर ती त्याला दर सोमवारी या खुर्चीतच सोडत होती, डोळे मिटून.

मग तिला टेबलावरच्या पट्ट्याचं कोडं सुटलं. त्यात मोजायला काहीच नव्हतं. त्या काहीच नसलेल्यातून तिचा हात वजा केला, तर मागे उरेल तो तिचाच हात, नुसता उलटा. आणि अक्काच्या थरथरीतून तो वजा केला, तर अक्का बरी दिसेल. काकाही. सगळे. आपला हात जसजसा बिघडत गेला तसतसे ते कागदावर सुधारत गेले.

तिच्या मनात लबाडी आली, हे लपवण्यात अर्थ नाही. चिमटा हातात धरून शून्य घेतलं तर? हात गप्प राहील, आकडे आपोआप सरळ होतील, अक्काची गोळी वाचेल, आणि या खुर्चीची, त्या सूक्ष्मदर्शकाची आपली जागाही. ती गणित्याच्या टेबलाशी गेली.

“काय रे, एखाद्या सोमवारचं शून्य अगदीच वेगळं आलं तर काय करतोस?”

“फेकतो,” तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. “मागच्या आठवड्याचंच पुढे चालवतो. का हो? आज झोप लागली वाटतं खुर्चीत?”

लबाडीची वाट तिथे संपत होती, आणि गुरुवार तीन दिवसांवर होता.

“माझी सगळी शून्यं काढ,” ती म्हणाली. “पहिल्यापासून. एकाखाली एक लाव. आणि सरांना बोलव.”

“कशाला?”

“बोलव म्हटलं ना. तुझ्या भुताचा पत्ता लागलाय.”

तीन वर्षांचे सोमवार पडद्यावर एकाखाली एक लागले. वरच्या ओळी सपाट होत्या, नाडीचे बारीक ठोके तेवढे. मग एका ओळीत, साडेचारच्या जागी, मुंगीएवढा उंचवटा आला. खालच्या ओळीत तो जरा मोठा. त्याखाली अजून. शेवटच्या ओळीपर्यंत त्याची टेकडी झाली होती. गणित्याने एकदा तारबाईकडे पाहिलं.

सर चष्मा पुसत राहिले. “आम्ही कधी हे उघडून पाहिलंच नाही, ताई,” ते शेवटी म्हणाले. “तुमचा हात म्हटल्यावर...”

“मीपण नाही पाहिला,” ती म्हणाली. “आता पहिल्या वर्षातलं चांगलं शून्य घ्या आणि सगळे आकडे पुन्हा काढा. माझ्यादेखत.”

गणित्याने बटण दाबलं. कपाटातल्या पट्ट्याची रेघ आधी लवली, मग आडवी झाली. पडद्यातला हात उठून निघून गेला. त्याच वेळी बाकीचे आकडे एकेक करून वर चढू लागले. दोन नंबर, पाच, सात. सात नंबर चढतच राहिला, आणि दारात खिळलेली अक्का तारबाईला तिथे लख्ख दिसली. शेवटी चार नंबर चढला. त्याला आता कुठली गोळी लागू पडणार होती?

“काकांच्या घरी सांगायला हवं,” ती म्हणाली.

“गोळीमुळेच पडले असं म्हणता येणार नाही,” सर म्हणाले.

“नाही म्हणता येणार. तरी सांगायला हवं.”

सरांनी तिथूनच डॉक्टरबाईंना फोन लावला. गुरुवारी दोघी बहिणी त्यांच्यासमोर बसल्या. डॉक्टरबाईंनी नवे आकडे पाहिले, अक्काला खोलीत चार पावलं चालायला लावलं, आणि दुपारची गोळी पुन्हा पूर्ण लिहून दिली.

“मी म्हणत होते,” अक्का म्हणाली. “पण मला कोण विचारतो, मी बोलूनचालून सात नंबर.”

“चूक झाली, अक्का,” डॉक्टरबाई म्हणाल्या. मग तारबाईकडे वळल्या. “आता तुम्ही. दोन्ही हात मांडीवर ठेवा. मोकळे सोडा. शंभरपासून उलटे आकडे म्हणा.”

तारबाईने हात सोडले. शंभर, नव्व्याण्णव, अठ्ठ्याण्णव. नव्वदच्या सुमाराला अंगठा जागा झाला. अक्का वाकून बघत होती. सुईत दोरा ओवताना बघायची तसं, एक डोळा बारीक करून.

मग तिने आपला हात बहिणीच्या हातावर ठेवला. तोही थरथरतच होता. दोन थरथरी एकमेकींवर आपटल्या, काही ठोके जुळल्या, पुन्हा सुटल्या.

“तुझी हळू आहे गं माझ्याहून,” अक्का म्हणाली.

“साडेचार,” तारबाई म्हणाली. “तुझी सव्वापाच.”

“म्हणजे इथेसुद्धा मीच पुढे.” अक्काने हात काढला नाही. “म्हण पुढचे आकडे. डॉक्टरबाई थांबल्यात.”