डब्यातली धूळ

धूळ म्हणजे काय, हे मी शाळेत मुलींना शिकवायची आणि घरी आल्यावर सासूबाई मला शिकवायच्या. सुरतेच्या एका मराठी शाळेत मी विज्ञान घेत असे. कवडशात नाचताना दिसतात ते कण म्हणजे धुळीतले थोराड. खरे बारीक कण आपल्याला दिसतच नाहीत. केसाच्या जाडीवर त्यांची अख्खी रांग बसेल, आणि एकदा उडाले की तासन्‌तास खाली यायचं नाव घेत नाहीत. त्यात माती असते, कापडाचे तंतू असतात, आपल्याच कातडीचा भुगा असतो, असं मी रंगवून सांगायची. मुली नाकं मुरडायच्या आणि मला धन्य वाटायचं.

सासूबाई खानदेशातून आमच्याकडे राहायला आल्या त्या फळीवरून बोट फिरवतच. ते बोट माझ्या नाकासमोर धरून विचारायच्या, "हाई काय शे?" मी कातडी, तंतू असं सुरू केलं की म्हणायच्या, "तुन्ही शाळामा धूळ मोजाले शिकाडतस, पुसाले नही?" मग मी फडकं शोधायला लागायची.

सत्तर साल अजून उजाडायचं होतं. सुरतेतल्या कतारगामला वर आम्ही राहायचो आणि खाली घरमालक शेठचा हिरे घासायचा कारखाना होता. हिरे कसले, मोहरीहून लहान खडे! घासणाऱ्याच्या चिमट्यातून एखादा निसटला की शेठ ओरडायचा, "कोई हालशो नहीं!" पंखा बंद, दार बंद, सगळे जागच्या जागी पुतळे. मग प्रत्येकानं कपडे झटकायचे, जमिनीवरची धूळ कोपऱ्याकोपऱ्यातून लोटून डब्यात भरायची आणि सकाळच्या उन्हात चाळायची. तिथला केर कधीही बाहेर टाकत नसत. माझ्या घरातली धूळ कोणी इतक्या इज्जतीनं वागवली असती तर मी कॉलर ताठ केली असती.

सासूबाईंचं दुखणं वेगळंच होतं. आमच्याकडे रॉकेलचा स्टो. चूल नाही, म्हणून राख नाही. "भांडा घासाले राख बी नही या गावमा!" हे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या. साबणाच्या पावडरीला त्या भांड्यांचं पीठ म्हणायच्या आणि हात लावायच्या नाहीत.

एका संध्याकाळी खालून "कोई हालशो नहीं" ऐकू आलं. खडा भाईंच्या चिमट्यातून उडाला होता. भाई म्हणजे काठियावाडातून आलेले, पन्नाशीचे, जाड भिंगांचा चष्मा लावणारे कारागीर. अंधार पडेपर्यंत शोधूनही खडा मिळाला नाही. धूळ डब्यात भरली गेली, डबा जिन्याखाली ठेवला गेला.

सकाळी मी शाळेसाठी वेणी घालत होते, तर खाली गलका, म्हणून खिडकीतून डोकावले. डबा रिकामा होता! शेठ भाईंना विचारत होता, रात्रीतून धूळ कोणी नेली? धूळ कोणाला हवी असते? ज्याचा खडा तिच्यात आहे त्यालाच ना? भाई अंगणात उभे होते, सदऱ्याचे खिसे उलटे काढलेले, चष्मा हातात. त्यांच्यावर हा डाग बसला तर कतारगामच्या एकाही कारखान्यात त्यांना कोणी बसू दिलं नसतं. मला फार वाईट वाटलं. ते माणूस कोणाच्या केसालाही धक्का लावणारं नव्हतं.

मी मागे वळले आणि थबकले. मोरीजवळ पितळेची भांडी उन्हात पालथी घातली होती. अशी लखलखीत ती आमच्या लग्नातही नव्हती.

"आई, ही कशानं घासली?"

"राख!" सासूबाई खूश होऊन म्हणाल्या. "जिनाखाले डबाभर व्हती. कसी बारीक शे, देख!"

मी त्यांना हात धरून जवळजवळ ओढतच खाली नेलं. माझ्या मोडक्या गुजरातीतून सगळं सांगितलं. शेठनं कपाळाला हात लावला. सासूबाईंच्या वाटीत थोडी धूळ उरली होती, ती वरून आणून चाळली, काही नाही. मोरीचं पाणी गटारात गेलेलं. भाई पायरीवर बसले.

सासूबाईंना गुजराती ओ की ठो कळत नव्हतं, पण भाईंचा चेहरा कळला. त्या तरातरा वर गेल्या आणि तांब्या घेऊन आल्या, रागानं लाल. "देख, मन्हा तांब्या! असी कसी हाई राख?" तांब्याच्या पोटावर एक खोल, लांब ओरखडा होता. बाकी भांडी झकास आणि हा, सगळ्यात शेवटी घासलेला, चिरलेला.

माझ्या डोक्यात उजेड पडला. बारीक धूळ चकाकी आणते. असा चरा काढायला तिच्यातला थोराड लागतो. म्हणजे तांब्या घासताना खडा हातातच होता! "आई, काथ्या कुठे आहे?"

नारळाची ती ओली शेंडी मोरीच्या कठड्यावर पडली होती. सासूबाईंनी ती अंगणात आणून, मांडीवर फडकं पसरून, एकेक तंतू सोडवला. शेठ वाकला, मी वाकले, कारागीर वाकले. श्वास सोडायची कोणाची हिंमत नव्हती. मग सासूबाईंनी तेच बोट, जे रोज माझ्या नाकासमोर यायचं, शेठच्या नाकासमोर धरलं. टोकावर काहीतरी चमकत होतं.

"हाई काय शे?" त्यांनी विचारलं.

शेठ खडा घेऊन आत पळाला. भाईंकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही, याचा मला अजून राग येतो. भाई तसेच पायरीवर होते, खिसे उलटेच. सकाळपासून त्यांना कोणी पाणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही मागितलं नव्हतं. सासूबाईंनी तो चिरलेला तांब्या भरून त्यांच्यापुढे धरला. ते घटाघटा प्यायले, रिकामा तांब्या दोन्ही हातांत धरून त्या ओरखड्यावरून अंगठा फिरवत राहिले आणि एकदम रडायला लागले.

सासूबाईंनी पदरानं आधी स्वतःचे डोळे पुसले. मग तांब्या माझ्या हातात दिला.

"देखत काय उभी शे? आखो एक तांब्या पानी भरी लय."