हेडफोनमध्ये ऐकलेलं

गाणं संपलं तरी तो माणूस स्टेजवरून उतरेना. ऋतुजाच्या हातातला माइक त्याने तिच्या मनगटासकट धरून ठेवला होता. मी मंडपाच्या दुसऱ्या टोकाला, मिक्सरच्या टेबलामागे उभी होते.

मी ऑर्केस्ट्राला साउंड करते. राहते जळगावात, पिंप्राळ्याला. त्या दुपारी अमळनेरकडच्या एका गावात हळदीचा प्रोग्राम होता, सगळे एकाच टेम्पोने गेलो होतो. टीममध्ये बायका दोनच, मी आणि ऋतुजा. ती कॉलेजात गाणं शिकणारी पोरगी. साउंडला बाई आहे, एवढ्या भरवशावर तिच्या वडिलांनी तिला पाठवलं होतं.

दोन गाण्यांच्या मध्ये मी गायकाच्या माइकचा फेडर खाली घेते. फेडर म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी. स्पीकर गप्प होतो, माइक चालूच असतो. मग सोलोचं बटण दाबलं की त्या माइकवरचं बोलणं फक्त माझ्या हेडफोनमध्ये येतं. मी ते दाबलं.

"प्रोग्राम सरना का आमनी गाडीमा बस. टेम्पोमा जाऊ नको."

तो अहिराणीत, अगदी हळू, समजावल्यासारखा बोलत होता. ऋतुजा म्हणाली, माझा भाऊ सोबत आलाय.

"कोनीच येल नही शे. माले माहीत शे."

तिचा भाऊ खरंच आला नव्हता. म्हणजे आमच्यातल्याच कोणीतरी त्याला ते सांगितलं होतं.

ऑर्केस्ट्राचे मालक शेजारीच खुर्चीवर होते. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो. ऐकलं ते मी त्यांना सांगितलं.

"नवरदेवाचा मामेभाऊ आहे तो. मस्करी करत असेल."

"भाऊ, तो तिचा हात सोडत नाहीये."

"ताई, तुम्ही साउंड बघा. म्हणूनच मी लेडीज घेत नव्हतो."

स्टेजवर कीबोर्डवाला मान खाली घालून बसला होता. ऑक्टापॅडवाला पाणी पीत होता. त्या माणसाचे दोन मित्र येऊन पायऱ्यांशी उभे राहिले. फेडर वर केला तर कोणी केला हे त्याला लगेच कळणार होतं, आणि गावातून बाहेर पडायला रस्ता एकच. तरी मी फेडर वर ढकलला.

"चुपचाप गाडीमा बस. कोनले सांगू नको."

सगळ्या मंडपाने ते ऐकलं. ढोलवालेसुद्धा थांबले. नवरदेवाची आत्या, जिला सगळं गाव अक्का म्हणत होतं, हळदीने माखलेल्या हातांनी उठली आणि स्टेजवर गेली.

"तू काय बोलना ते बठ्ठासनी आयकं. खाले उतर."

तो उतरला. उतरताना माझ्या टेबलाकडे बघत होता.

अक्काने आम्हा दोघींना घरात बायकांमध्ये बसवलं. नंतर स्वतः रिक्षात बसून अमळनेरच्या स्टँडपर्यंत आली. मागून येणारी प्रत्येक मोटरसायकल मी वळून बघत होते.

भाऊंनी मला परत बोलावलं नाही. माझ्यामुळे पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, तुटली, असं ते सगळीकडे सांगत राहिले. ऋतुजाच्या वडिलांनी तिचं स्टेज बंद केलं. काय गायचं ते घरात गा, म्हणाले. कीबोर्डवाला आणि ऑक्टापॅडवाला पुढच्या सीझनला त्याच मामेभावाच्या लग्नात वाजवून आले.

मी अजून साउंड करते, दुसऱ्या ग्रुपबरोबर. काम ठरवताना पार्टी विचारते, स्पीकर किती. मी आधी विचारते, परतीची गाडी कोणाची आणि चालवणार कोण.