कौशल्याबाईंचं बारावं वर्ष

कौशल्याबाई गिरडे चातुर्मासात जेवताना बोलत नाहीत, हे मानेवाड्यातल्या त्यांच्या गल्लीत दूधवाल्यालाही ठाऊक आहे. पानावर बसल्यापासून आचवेपर्यंत हूं नाही की चूं नाही. शब्द सुटलाच तर पानावरून उठायचं, दुसऱ्या दिवसापर्यंत उपाशी राहायचं, आणि आधीची सगळी वर्षं पाण्यात; मोजणी पुन्हा एकपासून. बारा वर्षं पुरी झाली की देवाला घंटा वाहून उद्यापन. अकरा झाली होती. हे बारावं.

या नेमाचं देवाला किती कौतुक आहे ते देवच जाणे. बाईंचे यजमान बाबाराव यांना मात्र फार होतं. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला हा गृहस्थ एरवी बायकोपुढे ब्र काढत नाही. चातुर्मास लागला की त्याला वाचा फुटते. बाईंनी पहिला घास तोंडात घातला रे घातला की हे घसा खाकरणार. पहिल्या वर्षी म्हणाले, "आपली पार्वतीबाई येऊन राहिली वं, दोन महिने." पार्वतीबाई ही त्यांची बहीण, येते पाहुणी म्हणून आणि दुसऱ्या दिवशी मालकीण होते. पुढच्या वर्षी, "तुही शिलाई मशीन देऊन टाकली म्या. धूळ खात होती." बाई पोळीचा तुकडा असा मोडायच्या, जसं काही नवऱ्याचं बोट. वीस मिनिटांनी हात धुऊन तोंड उघडावं, तर बाबाराव चपला घालून कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर पसार. परत येईपर्यंत बातमी शिळी.

"चातुर्मास देवानं माह्यासाठीच काढला गा," असं ते ठेल्यावर सांगत.

या श्रावणात मोहितने, म्हणजे पुण्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या एकुलत्या मुलाने, लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून दोघांना कोकणात पाठवलं. समुद्रावर झुकलेल्या कड्याच्या पार टोकाशी हॉटेल, तेही खास जोडप्यांचं.

खोलीत पाऊल टाकलं तर पलंगावर टॉवेलचे दोन बगळे चोचीला चोच लावून बसलेले, आणि भोवती गुलाबाच्या पाकळ्या. पूजेला होतील म्हणून बाईंनी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. पलंगावरची फुलं देवाला? डब्यातून बरोबर आणलेला बाळकृष्ण लहान आहे, त्याला कळायचं नाही. पण महादेवाला सगळं कळतं. पलंग आणि न्हाणीघर यांच्यामध्ये भिंत नव्हती, नुसती काच.

"हे काहून जी असं?"

"आंघोळ करता करता समुद्र दिसाले पाह्यजे म्हणून."

"आपल्याले समुद्र दिसन. समुद्राले काय दिसन, त्याचा इचार केला का कोणी?" म्हणत बाईंनी काचेवर दोन साड्या आडव्या टांगल्या, तेव्हा कुठे आंघोळ झाली.

सूर्य बुडायच्या सुमाराला कड्याच्या टोकावर एकच टेबल मांडलं होतं. काचेच्या नळीत मेणबत्ती, खाली लाटा. हॉटेलची मॅनेजर मिनल, पस्तिशीची हसरी बाई, कांदा-लसूण चालत नाही ना, हे आधीच विचारून गेली होती. कौशल्याबाईंनी हात जोडले, देवाचं नाव घेतलं आणि तोंडाला कुलूप घातलं.

पहिल्यांदा आलं वाटीभर सूप. बाबारावांनी घसा खाकरला. "गच्चीवरची टाकी फुटली वं. निघाच्या दिवशीच." मग काकडीचे चार काप आले. "पार्वतीबाई दिवाळीले येऊन राहिली." मग मोठ्या थोरल्या बशीत सुपारीएवढा एक वडा. "शेजारच्या सिंधूताईले तुहा कुकर देल्ला."

बाबारावांचा सगळा अंदाज वीस मिनिटांचा. घरी ताट एकदाच वाढतात, एकदाच उचलतात. इथे एक बशी गेली की दुसरी हजर. पाऊण तास झाला तरी वाढप संपेना, आणि त्यांच्याजवळचा बारीकसारीक माल संपला.

लांबून मिनलला एवढंच दिसत होतं की काकू डोळे वटारून गप्प आणि काका घामाघूम. ती जवळ आली.

"काका, भांडलात ना? एक सॉरी म्हणून टाका बघू."

बाईंनी जोरजोरात हात हलवले.

"बघा, काकू नाहीच म्हणतायत! मी अजून दोन डिश पाठवते. घ्या तुम्ही वेळ." आणि ती गेली.

बाबाराव घटाघटा पाणी प्यायले. मग एका दमात बोलले, "हे पाय, मानेवाड्याचं घर इकाचं ठरलं, अन् आपण पुण्याले पोराजवळ राहाचं. मोहितले म्या हो म्हटलं. गिऱ्हाईक आजच उत्तर मांगून राहिलं. तुह्या नावावर हाय, तं तुही सही लागन फक्त. पोरानं हे बुकिंग उगाच नाही केलं."

बाईंचा घास हातातच राहिला. ज्या अंगणात दर एकादशीला त्यांचं भजन बसतं, ते विकणार. ज्या गच्चीवर भिवापूरची मिरची वाळत घातली की अख्खी गल्ली शिंकते, ती विकणार. आणि मोहितच्या फ्लॅटमध्ये देव कुठे आहेत? धुण्याच्या मशीनवर. कपडे पिळायला लागले की तेहतीस कोटी थरथरतात.

आचवल्यावर बोलू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. इथे पळून जायला ठेला नाही, खाली समुद्र आहे. पण बाबारावांनी फोन काढून कानाला लावलासुद्धा.

"मोहित, सांगतलं म्या तुह्या आईले. काहीच बोलली नाही. म्हणजे हो समज. त्या माणसाले कळवून टा..."

"नाही!"

लाटेचा आवाज असून तो शब्द नीट ऐकू गेला. बाईंना स्वतःलाही. अकरा वर्षं आणि वर दीड महिना, सगळं त्या एका शब्दात गेलं. गेलं तर गेलं. देवाची घंटा थोडी लांबली. त्याला कुठे गाडी पकडायची आहे?

बाईंनी डाव्या हाताने फोन ओढून आपल्या कानाला लावला.

"आई?" मोहितचा आवाज एकदम लहान झाला. "तू... जेवून राहिली होती ना?"

"हो. आता नाही."

"नाही विकत, आई. आत्ताच सांगतो त्याले."

बाई पानावरून उठल्या. हात धुतला, पदराला पुसला आणि खुर्ची ओढून नवऱ्याच्या समोर बसल्या. बाबारावही उठायला लागले.

"तुम्ही कुठं चाल्ले जी? दोन डिश यायच्या हायेत. अन्न टाकू नये. तुम्ही जेवा, मी बोलते."

आणि त्या बोलायला लागल्या. पहिल्या वर्षापासून, एकही बातमी न गाळता, प्रत्येकीचं उत्तर वेगळं. बाबाराव खाली मान घालून चावत राहिले. मध्येच "पण" म्हणायला तोंड उघडलं, तर बाई म्हणाल्या, "आधी गिळा."

लांबून मिनल पाहत होती. काकूंचे हात हलत होते, काका मुकाट ऐकत होते. "बोलल्या बाई एकदाच्या," म्हणत तिने सुस्कारा सोडला आणि स्वयंपाकघरात जाऊन काकांसाठी आणखी एक डिश सांगितली.