मग जरा आवळा की

"दिसलं म्हंजी हातात आलं," असं ते म्हणायचे आणि लोकरीचा धागा तर्जनीभोवती गुंडाळून बोट पांढरं पडेस्तोवर ओढायचे.

म्हसवडच्या पुढचे मेंढपाळ. खांद्यावर घोंगडी, पिशवीत मुलीची फाइल. पाच वर्षांची लेक मान धरत नव्हती, झटके यायचे. तिच्या कातडीचा कण सांगलीला आमच्या प्रयोगशाळेत आला होता आणि त्यातल्या पेशी मी काचेच्या बशीत वाढवत होते. रिपोर्ट डॉक्टरांकडे गेला, तरी हे गृहस्थ आले माझ्याकडेच. कारण, "बघितलं तुमी न्हवं?"

आता अशा माणसाला काय सांगणार? तरी मी सांगितलं. पेशीत शक्ती तयार करणाऱ्या तंतुकणिका असतात. त्या वेळच्या वेळी तुटून दोन व्हाव्या लागतात. त्यासाठी एका प्रथिनाचे रेणू एकमेकांना धरून तंतुकणिकेभोवती कडं करतात. कडं आवळलं की तंतुकणिका तुटते. आवळायचा जोर त्या रेणूच्या डोक्याकडच्या भागात असतो. तुमच्या मुलीत नेमका तोच बिघडलाय. कडं होतं, पण आवळत नाही. तंतुकणिका नुसत्या लांबत जातात.

त्यांनी धागा काढून बोटाला सैल वेढा दिला. "आसं?"

"अगदी असंच." मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

"मग जरा आवळा की."

त्यांचं म्हणणं सरळ होतं. कळपातलं लंगडणारं मेंढरू दिसायलाच काय तो वेळ लागतो; दिसलं की धरायचं, काटा काढायचा. मला तर सूक्ष्मदर्शकातून काटा शेकडोपट मोठा होऊन दिसत होता. "दादा, दिसतं, पण हात पोचत नाही. याला औषधच नाही," मी म्हणाले. ते रागावले नाहीत. त्यांना माझी कीव आली असावी.

दर महिन्याला मुलीला तपासायला आणलं की ते डोकावायचे. "तुटतंय का आता?" नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "खायाला काय घालता त्यास्नी?" एकदा मी सांगून बसले, वासराच्या रक्तातलं पाणी घालतो म्हणून. पुढच्या खेपेला किटलीभर शेळीचं दूध हजर.

"लेकीला ह्येच सोसतंय, म्याडम. हितं बी थेंबभर घालून बघा."

थेंबभर घातलं असतं तर दोन दिवसांत सगळ्या पेशी नासल्या असत्या. पण त्या तोंडाकडे बघून तुम्ही तरी 'नाही' म्हणाला असतात का? मी "बघते" म्हणाले आणि त्या दुधाचा चहा केला. महिन्याने त्यांनी विचारलं, "घातलं?" आणि दुसऱ्यांच्या नोंदीतल्या चुका काढणारी मी म्हणाले, "घातलं. पण नाही तुटलं."

थंडीत ते एकटेच आले. पिशवीत फाइल नव्हती.

"गेली, म्याडम. आठ दिस झालं."

मला रडू फुटलं आणि तेच मला समजावत बसले. "डाक्टर म्हनलं, काय करता येत न्हाई. तुमी तरी घालून बघितलंत. तिच्या आईला बी त्येच सांगितलं. लय बरं वाटलं तिला."

खरं सांगायला उघडलेलं तोंड मी तसंच मिटलं.

मेंढरं तेव्हा तासगावकडच्या रानात उतरली होती. तिथून निघताना धार काढून आणलेली किटली त्यांनी टेबलावर ठेवली. "दुसऱ्या कुनाचं लेकरू आलं तर घाला," म्हणाले आणि एसटी गाठायला निघाले. त्यानंतर ते कधी आले नाहीत.

ते गेल्यावर मी किटलीला हात लावला. ती अजून कोमट होती.