उंबऱ्याखालचा पोपट

हुलुगप्पा वडारानं तीस वर्षं हंपीतले पडलेले खांब उभे केले. त्याच्या हातचा एकही खांब ओळंब्याला चुकला नाही. काम सोडल्यावरही काही अडलं की इंजिनियर शशिधर साहेब त्यालाच बोलावत.

या खेपेला कालव्याकाठचा चारखांबी मंडप होता. तीन खांब मिळाले होते. चौथ्यासाठी केळीच्या बागा महिनाभर धुंडाळून झाल्या होत्या. तिन्ही खांबांच्या मधल्या चौकोनात मान मागे वळवलेला पोपट कोरलेला. हुलुगप्पानं तो पाहिला. चौथा खांब कुठे आहे, हे त्याला ठाऊक होतं.

सव्विसाव्या वर्षी त्यानं कमलापुरात घर बांधलं. उंबऱ्याला दगड हवा होता. खाणीतून काढून, घडवून, गाडीवर आणायचा तर चार दिवस जाणार. बाभळींत हा खांब आयता पडलेला. बाप सांगायचा, "छिन्नी लागलेल्या दगडाला पाचर लावू नये. आपल्यातल्याच कुणाचा तरी घाम असतो तो." हुलुगप्पानं मधोमध सात भोकं पाडली, पाचरी ठोकल्या आणि एका सकाळीत खांबाचे दोन तुकडे केले. एक उंबऱ्याला, एक परसात धुण्याला. पोपटाची बाजू त्यानं मातीत घातली.

घरी येऊन त्यानं बायकोला, हनुमक्काला, सांगितलं.

"म्हणजे चाळीस वर्षं मी राजाच्या पोपटावर तुमचे लंगोट आपटतेय?"

"शेपटीवर. मुंडकं उंबऱ्यात आहे."

"वर तोंड करून सांगताय! जा, साहेबांच्या कानावर घाला. मी कालव्यावर धुईन."

साहेब रागावले नाहीत. तेच त्याला जड गेलं. दोन्ही तुकडे पहारींनी उचकटून मंडपापाशी आणले, जुळवून ठेवले. पोपटाच्या मानेच्या जागी दोन बोटं रुंद खाच होती.

"चालेल, मेस्त्री," साहेब म्हणाले. "आत सळ्या घालू. राहील उभा."

हुलुगप्पाला तेवढंच हवं होतं. तरी सवयीनं त्यानं सुतकी, दगड वाजवून बघायची हातोडी, उचलली. शेपटीचा तुकडा खणखणला. उंबऱ्याचा बद्द वाजला. पुन्हा ठोकला. बद्दच. शेवटच्या पाचरीला पाच हलके घाव घालायचे होते, त्यानं दोन जड घातले होते. भेग तेव्हाच आत गेली होती.

तो गप्प राहिला असता, तर खांब उभा राहिला असता. काही वर्षं तरी.

"नको, साहेब. वर तीन शिळा येणार. हा पेलणार नाही."

"नीट बघितलंत?"

"माझाच घाव आहे, साहेब. मला विचारू नका."

तुकडे गोदामात गेले. नवा खांब खाणीतून काढायचा ठरला. त्यावर पोपट कोरायचा नव्हता. नव्या दगडानं जुन्याचं सोंग घ्यायचं नसतं. हुलुगप्पाच्या मनगटात आता जोर नव्हता. तो बाजूला बसून नुसता बघत होता. दगड काढला, घडवला, गाडीवर घालून आणला.

चार दिवस लागले.