मथुराबाईंचा गुडघा आणि ओले काजूगर

धामापूरच्या मथुरा परब गेल्या वर्षी शेवाळलेल्या पायरीवर घसरल्या. हाड शाबूत राहिलं, पण महिनाभर पाय न हलवल्याने उजवी मांडी सुकली. डॉक्टरांनी सांगितलं, सायकल मारून मांडीत ताकद आणा, नाहीतर जमिनीवर बसणं विसरा.

ते विसरणं बाईंना परवडणारं नव्हतं. काजूच्या हंगामात त्या ओल्या बिया फोडून काजूगर काढतात. मालवणातल्या खानावळींना ते पुरवणारा विनीत त्यांच्याकडूनच माल नेतो. बिया फोडायच्या त्या आडाळ्यावर, म्हणजे पाटाला पातं बसवलेल्या मोठ्या विळीवर. गुडघा मुडपून, पाट पायाखाली दाबून बसावं लागतं. दिवाळीत विनीतने सरळ सांगितलं, “वैनी, पौषात काय ता सांगा. जमाचा नसात तर माका दुसरा माणूस बघूक व्हया.”

कुडाळजवळ विद्यापीठाच्या आवारात फिटनेस सेंटर आहे. सकाळ-संध्याकाळ विद्यार्थी, मधल्या वेळेत बाहेरची माणसं. मथुराबाई एसटीने तिथे गेल्या, मुलाने मुंबईहून आणलेले नवे बूट पायांत घालून. काचेच्या दारातून त्यांना आतल्या भिंतीवर हार घातलेला मारुती दिसला. त्यांनी बूट दाराबाहेर काढले, उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला आणि अनवाणी आत गेल्या.

टेबलाशी बसलेल्या सिद्धेशने पास बनवता बनवता खाली पाहिलं. “आपले बूट कुठे आहेत?”

“भायर काढलंय.”

“बूट घातल्याशिवाय मशीनवर जाता येत नाही. नियम आहे.”

“मारुती समोर आसा. पायताण घालून देवाफुडे जाव?”

सिद्धेश तोंडवलीचा. कार्यालयातली मराठी सोडून तो मालवणीवर आला. “काकी, सगळीच जातत. देव काय बोलणा नाय.”

“तुमका बोलणा नसात.”

बाई परत गेल्या. शेजारच्या काशीबाईंनी कुंपणावरून विचारलं, “काय गो, इतक्यात इलंस? कुस्ती झाली?”

“तुका पाडूक शिकतंय. जरा दम धर.”

चार दिवस त्या घरीच होत्या. चौथ्या दिवशी परसात उकिडवं बसायचा प्रयत्न केला, तेव्हा अर्ध्यावरच पाय थरथरला आणि नारळाचं झाड धरून सरळ व्हावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा कुडाळला गेल्या. या वेळी पायांत चपला होत्या आणि बूट पिशवीत. चपला बाहेर ठेवल्या, मारुतीपुढे हात जोडले आणि आतल्या बाकावर बसून बूट चढवले.

“आता कसा चलता?” सिद्धेशने विचारलं.

“त्या दिवसाची माती धुवन काढलंय. हे आता रस्त्याक लागाचे नाय. मगे हेंका पायताण कशाक म्हणूचा?”

“मगे काय म्हणूचा?”

“सोवळ्यातले बूट म्हण.”

व्यायाम शिकवणारी दिव्या शेजारीच उभी होती. ती म्हणाली, “सिद्धेश, आपल्या पाटीवर हेच तर लिहिलंय. आत वापरायचे बूट वेगळे ठेवा. आजवर कोणी ठेवलेत?” सिद्धेशने स्वतःच्या बुटांकडे पाहिलं आणि पासावर शिक्का मारला.

मग आठवड्यातून तीन फेऱ्या सुरू झाल्या. आधी सायकल, मग भिंतीला पाठ टेकून खाली सरकणं, मग चटईवर बसणं. बसणं लवकर जमलं, उठणं जमेना. दिव्या हात पुढे करी, बाई तो घेत नसत. “हंगामात तू खंय येतलंस हात देवक?” असं म्हणून त्या सायकलच्या पायाला धरून उठत.

पौषात विनीत आला. बाईंनी ओसरीवर आडाळो मांडला, गुडघा मुडपून बसल्या आणि ओल्या बिया अजून आल्या नव्हत्या म्हणून एका कच्च्या सुपारीचे दोन तुकडे करून दाखवले. विनीत म्हणाला, “बसलास ता बघलंय. आता उठा.” बाईंनी खांब धरला, एकदा अर्ध्यावरून परत खाली टेकल्या आणि दुसऱ्या खेपेला उठल्या.

विनीतने विचार करून सांगितलं की यंदा अर्धा माल त्यांनी द्यावा, उरलेला तो दुसरीकडून घेईल. बाईंनी वाद घातला नाही.

हंगाम आता सुरू आहे. बियांच्या चिकाने हात भाजू नयेत म्हणून राख लावून त्या सकाळी आडाळ्यावर बसतात आणि टोपली संपल्याशिवाय उठत नाहीत. आडाळो त्यांनी खांबाजवळ हलवला आहे. कुडाळच्या फेऱ्या चालूच आहेत. पुढच्या वर्षी पूर्ण माल आपणच देणार, असं त्यांनी विनीतला कळवून टाकलं आहे.