कोकिळानं वाढलेला रस

आमच्या त्या पंगतीतली दोन माणसं कुठं भेटली, बाजारात म्हणा, कोणाच्या दारावर म्हणा, की एक जण म्हणणार, "तुला ते आठवतं का गं?" आणि झालं! भाजी राहते बाजूला, पिशवी राहते हातात. एकानं एक किस्सा काढला की दुसऱ्याला त्याच्या पुढचा आठवतो, आणि ऊन डोक्यावर आलं तरी कोणी हलत नाही. नवा माणूस ऐकतो, हसतो, आणि मधेच गप्प होतो. हसता हसता आमचे चेहरे कसे उतरतात ते त्याला दिसतं ना!

कोणती पंगत, ते आधी सांगते. माझ्या सुरेशचं लग्न. गाव आमचं यावलजवळ, केळीच्या बागांमधलं. सून आणली धुळ्याकडची, कोकिळा. वैशाखातलं लग्न. नवरी घरी आली, दुसऱ्या दिवशी आमच्या दारात जेवण. खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस! आमच्यात रीत अशी, की रसाची पहिली फेरी नव्या सुनेनं वाढायची, आणि तिच्या पळीला कोणी नाही म्हणायचं नाही. माझे सासरे, आबा, ते तर नातसुनेच्या कौतुकानं वाटी पुढंच करत राहिले. "वाढ वं पोरी! तुझ्या हातचं पचते मले!"

दुसऱ्या दिवशी सगळी पंगत आडवी. पटकी, म्हणजे कॉलरा! रसात घातलेला बर्फ, का विहिरीचं पाणी, ते डॉक्टरलाही नक्की सांगता आलं नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत एकमेकांच्या अंगावर घालून आम्हाला जळगावच्या दवाखान्यात नेलं. ट्रॉलीला लग्नाचं तोरण तसंच लोंबत होतं.

देवाची कृपा, गेलं कोणीच नाही. सगळे बरे होऊन घरी आले. पण घरी आल्यावर जे सुरू झालं, त्याला सलाईन नव्हतं. आणि त्यात जीव टांगणीला लागला तो माझ्या कोकिळाचा.

*

दवाखान्यात कोकिळा माझ्या शेजारच्या खाटेवर. खाटेला मधोमध भोक, खाली बादली. अंगावरची हळद निघाली नव्हती आणि ही दशा! तिची शीर सापडेना. नर्स वैतागली. "अगं, कोपरापर्यंत चुडा! सुई टोचू कुठं?" आणि कात्रीच्या मुठीनं चार बांगड्या टिचवल्या. आपल्यात बांगडी फुटली असंही म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. कोकिळानं तो आवाज ऐकला. सुरेश तेव्हा पुरुषांच्या वॉर्डात, शुद्ध नव्हती त्याला.

"आई, ह्या काय करी ऱ्हायन्या?" एवढंच विचारलं पोरीनं.

नर्स बिचारी समजूत घालायला गेली, "घाबरू नको गं, नवरा आहे अजून!"

ते 'अजून' पोरीच्या काळजात जे जाऊन बसलं, ते सुरेश उठून चालायला लागला तरी निघालं नाही.

*

सुट्टी देताना डॉक्टर म्हणाले, "आता तुम्ही सगळे ठणठणीत. जा घरी."

माझी नणंद गिरजाअक्का खाटेवरून उठेचना. "डॉक्टरसाहेब, पोटाचं झालं बरं. पण हे छातीत धडधडते, त्याचं काय?"

"भीती आहे ती अक्का. जाईल हळूहळू."

"मग तिले पहिले जाऊ द्या," अक्का म्हणाली, "मी मागच्या गाडीनं जाते!"

सगळा वॉर्ड हसला. अक्का हसली नाही. दोघींनी धरून उठवेपर्यंत तिनं खाटेचा दांडा सोडला नाही. दवाखान्यात निदान बाटली लटकलेली दिसायची हो! घरी काय दिसणार?

*

घरी आल्यावर अक्का उकळायला लागली. पाणी उकळलं, समजू शकते. दूध तर इतकं, की त्याची बासुंदी व्हायची. मग वाट्या उकळल्या, पळ्या उकळल्या, सुपारी उकळली. एक दिवस देवघरातली गंगाजलाची लोटी चुलीवर दिसली!

मी म्हटलं, "अक्का, गंगा उकळली?"

"तिच्यातही लोकं अंघोळी करतात!"

हसण्यासारखंच आहे. पण दुसऱ्याच्या हातचा घास तिच्या गळ्याखाली उतरेना. गालाची हाडं वर आली. आम्ही ताट पुढं केलं की ती ताटाकडं नाही, आमच्या बोटांकडं पाहायची.

*

आमचे चुलत दीर, नाना. त्यांची तऱ्हा निराळी. पोटात जरा गुडगुडलं की खाटेवर आडवे, आणि मुलांना हाका. "या रे, बसा! आता माझं काही खरं नाही. विहिरीकडची बाग मोठ्याले, सडकेची धाकट्याले..." सून रडायची, शेजारी जमायचे. चार-आठ दिवसांनी पुन्हा गुडगुडलं की पुन्हा वाटणी! एकदा तर सडकेची बाग मोठ्याकडं गेली.

शेवटी धाकट्यानं भाकरीचं ताट आणून ठेवलं. "नाना, सकाळपासून पोटात अन्न नाही तुमच्या. आधी जेवा, मग मरा!"

नाना जेवले. गुडगुड थांबली. पण जेवताना डोळ्यांतून पाणी गळत होतं. मला हळूच म्हणाले, "वहिनी, दवाखान्यात शेजारच्या खाटेवरचा, परगावचा माणूस माझ्याशी बोलता बोलताच गेला. ते या पोट्ट्यांले कसं सांगू?"

*

आणि बँड! लग्नसराई आली, वरच्या आळीत बँड वाजायला लागला, की आमच्या पंगतीतल्या एकेका घराची कडी आतून लागायची. शेजारीण म्हणायची, "काय बाई, वरात पाहायला नाही आल्या?" काय सांगणार तिला! सनई ऐकली की माझ्या हातापायाला मुंग्या यायच्या. रांजणातून पाणी थेंब थेंब गळलं, की बाटलीतलं सलाईन टपकतंय असं वाटायचं आणि थेंब थांबला की माझा श्वास थांबायचा. मी रांजणाखाली फडकं घालून ठेवलं. आवाजच नको!

*

आबांची गोष्ट मात्र कोणी हसून सांगत नाही. वाघासारखा माणूस! आता तांब्या तोंडाला लावायच्या आधी मला म्हणायचे, "तू घे पहिले एक घोट." मी घोट घेणार, ते माझ्या तोंडाकडं बघत बसणार. जरा वेळ गेला, मी उभीच आहे असं दिसलं, की मग प्यायचे. आणि नंतर मान खाली घालायचे.

कोकिळाकडं त्यांनी कधी पाणी मागितलं नाही. तिनंही कधी दिलं नाही. ती दळायची, सारवायची, कपडे धुवायची, बागेत राबायची. पण वाढायचं नाव नको! दारात पाहुणा दिसला की मागच्या दारानं गोठ्यात. सुरेश पाटावर बसला की तिचे हात पदराखाली. आणि ते हात राखेनं घासून घासून नुसते सोललेले.

गल्लीतल्या बायका मला टोमणे मारायच्या, "सून आणली का पाहुणी?"

मी म्हणायची, "पाहुणीच आहे. तुमच्यासारखी खाऊन जात नाही, एवढंच!"

डॉक्टरनं टॉनिक दिलं, झोपेच्या गोळ्या दिल्या. झोप आली पोरीला. पण झोपेतही हात चोळायची.

*

एकदा भर दुपारी मी विहिरीवर गेले, तर कोकिळा काठावर, पाय आत सोडून बसलेली. हाक मारायचं धाडस होईना, दचकून खाली गेली तर! पावलं न वाजवता गेले, शेजारी टेकले, तिचा पदर मुठीत घट्ट धरला.

"काय पाहते वं?"

"पानी कितलं चांगलं दिखस, आई," ती म्हणाली. "माले भ्याव वाटस. बठ्ठासले मीच वाढं."

मी म्हटलं, "सगळ्यांना तू वाढलं, पण आंबे मी पिळले. पुरण मी वाटलं. मग मीही बसते आत पाय सोडून!" आणि खरंच पाय सोडले.

तशी ती ओरडलीच! मला दोन्ही हातांनी धरून मागं ओढायला लागली. मला ओढता ओढता तीही काठावरून मागं आली. वर्षात पहिल्यांदा तिनं कोणाला हात लावला होता.

पण गोष्ट धुळ्याकडं पोचली. तिच्या आईचा निरोप आला, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पोरीला न्यायला भाऊ येईल. नेणार, आणि परत पाठवणार नाही. पोर हातची जाण्यापेक्षा घरात बसलेली बरी. तिच्या आईच्या जागी मी असते तर हेच केलं असतं.

*

आखाजी आली. वर्षात घरातलं कोणी गेलं असेल तर आखाजीला त्याच्या नावाची घागर भरतात. आमच्यातल्या कोणाचीच भरायची नव्हती. तरी सगळे घागर पाहिल्यासारखे भिंतीला टेकून बसले होते. कोकिळाचा भाऊ वसंत दोन दिवस आधी यायचा, तो गाडीत जागा मिळेना म्हणून सणाच्या सकाळीच टेकला. परत जायचं संध्याकाळच्या यष्टीनं. कोकिळानं पिशवी भरून दाराशी ठेवली होती.

सणाचा पाहुणा उपाशी कसा पाठवणार? रस केला. पंगतीला आबा, नाना, अक्का, सुरेश, वसंत. मी पळी घेऊन निघाले, तर आबांनी वाटी पालथी घातली!

"रसाची पहिली फेरी सुनेची," आबा म्हणाले. "रीत विसरली का? बोलाव तिले."

सुरेशनं माझ्याकडं पाहिलं, मी दाराकडं पाहिलं. किती वेळानं कोकिळा आली देव जाणे. पळी पातेल्यावर खडखडा वाजत होती.

अक्का पुटपुटली, "उकळला आहे का?"

"रस उकळतात का वं अक्का!" नाना ओरडले, आणि स्वतःच्या वाटीवर हात आडवा धरला.

आबांनी वाटी सुलटी केली. निम्मा रस ताटात सांडला, निम्मा वाटीत पडला. मी सवयीनं पुढं झाले, पहिला घोट घ्यायला. आबांनी हातानं मला मागं सारलं. डोळे मिटले आणि वाटी एका दमात रिकामी केली.

"आणखी वाढ."

ती वाटीही गेली. मग त्यांनी हात धुतले, रांजणातून स्वतः तांब्या भरला आणि म्हणाले, "मी बागेकडं जाऊन येतो."

तांब्या घेऊन बागेकडं! म्हणजे रस बाधला की काय? कोकिळानं दाराची चौकट धरली.

आबा येईनात. ऊन अंगणातून ओट्यावर चढलं, तरी येईनात. नाना खाटेवर आडवे झाले, पण वाटणी तोंडातून निघेना. अक्का जप करत होती, पण नाव कोणत्या देवाचं तेही कळेना. सुरेश दोनदा उठला आणि दोनदा बसला. वसंत खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, चाल. गाडीनी येळ व्हयनी." कोकिळा चौकट सोडेना. मी तर रांजणाखालचं फडकं पिळत उभी होते. कशाला पिळत होते, मलाच माहीत नाही.

सडकेवर यष्टीचा हॉर्न वाजला, तेव्हा केळीच्या बागेतून आबा दिसले. ताठ चालत. ओट्याशी आले, तांब्या कोकिळाच्या हातात दिला.

तांब्या नेला तसाच काठोकाठ भरलेला होता.

"रसात साखर कमी पडली व्हती," आबा म्हणाले, आणि चपला काढून आत गेले.

कोकिळानं तांब्यात पाहिलं. आबा गेले त्या दाराकडं पाहिलं. मग वसंताकडं वळली.

"भाऊ, तू जाय घर. माले रसमा साखर टाकनी शे."